कुमुदिनीचे खत चिखलात, पाण्यात नव्हे

तळ्यात कुमुदिनी लावली की आपले सगळे लक्ष पाण्याच्या पृष्ठभागाकडे जाते, कारण पाने तिथे पसरतात आणि फुलेही तिथेच उमलतात. परंतु रोपवाटिकांत वॉटर लिली या नावाने मिळणारी ही वनस्पती भरभरून फुलणार की नुसतीच पाने काढत राहणार, हे मुख्यतः पाण्याखालच्या कुंडीतील मातीवर ठरते. या झाडांची देखभाल करता करता माझे एक मत पक्के झाले आहे: कुमुदिनीचे अन्न चिखलातच राहिले पाहिजे, आणि ते पाण्यात जितके कमी उतरेल तितके झाड आणि तळे दोन्ही निरोगी राहतात. माती कोणती घ्यावी, कुंडी कशी भरावी, खत कुठे द्यावे, पाणी बदलावे की नाही, शेवाळ आले तर काय करावे, या बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीपाशी येऊन मिळतात, म्हणून हे टिपण मी त्याच अंगाने लिहीत आहे.

प्रथम झाडाची ओळख नीट करून घ्यावी, कारण कमळ आणि कुमुदिनी यांची गल्लत फार होते आणि दोघांची निगा सारखी नसते. कमळाचे पान पूर्ण गोल असते, देठ त्याच्या मधोमध जोडलेला असतो आणि वाढलेली पाने पाण्याच्या वर उंच उभी राहतात. कुमुदिनीच्या पानाला मात्र कडेपासून देठापर्यंत एक खाच असते आणि पान पाण्यावर सपाट तरंगते. दिसण्यात साम्य असले तरी दोघांचे नाते फार दूरचे आहे. कुमुदिनीचे कुळ सपुष्प वनस्पतींच्या मुख्य प्रवाहापासून अगदी आरंभी वेगळे झालेल्या शाखांपैकी एक आहे, तर कमळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चिनार वृक्ष आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रोटिया हे फुलझाड यांच्या जवळचे ठरते.

कुमुदिनीतही हार्डी आणि ट्रॉपिकल असे दोन गट आहेत आणि रोप घेण्यापूर्वी ते कोणत्या गटातले आहे हे विचारून घेणे आवश्यक आहे. हार्डी जातींचे जाड खोड मातीत आडवे सरकत वाढते, पानांच्या कडा सहसा गुळगुळीत असतात, फुले बहुधा पाण्यालगत राहतात आणि कडक थंडीत पाने गेली तरी खोड तळाशी जिवंत राहते. ट्रॉपिकल जातींचा कंद उभा असतो, पानांच्या कडा बऱ्याचदा दातेरी किंवा नागमोडी असतात, फुले पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात आणि पाणी सुमारे २१ अंश सेल्सियसच्या खाली असताना लावल्यास झाड वाढायचे सोडून सुप्तावस्थेत जाते. रात्री उमलणाऱ्या जाती ट्रॉपिकल गटातच आहेत. निळ्या फुलांच्या जातीही मूळच्या याच गटातल्या. हार्डी गटात आज जे पिवळे, गुलाबी, लाल रंग दिसतात, त्यांचे मोठे श्रेय फ्रान्समधील जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक यांच्याकडे जाते. त्यांनी १८७५ साली तांप्ल-स्युर-लो या गावी रोपवाटिका सुरू केली, पांढऱ्या हार्डी कुमुदिनींचा इतर रंगांच्या जातींशी संकर केला आणि १८८९ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात आपली झाडे मांडली. चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच झाडे मागवली होती. लहान टबात वाढवता येणारी पिवळी ‘हेल्वोला’ ही जातही त्यांच्याच नावावर आहे, आणि ज्यांच्याकडे जागा थोडी आहे त्यांना मी आजही तीच सुचवतो.

आता मातीकडे येण्याआधी झाड चिखलात जगते कसे हे समजून घेतले पाहिजे, कारण निगेचे बरेच नियम तिथूनच निघतात. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. वरच्या काही मिलिमीटर थरानंतर तो सूक्ष्मजीवांनी वापरून संपवलेला असतो. कुमुदिनीच्या देठांत आणि खोडात हवेच्या लांबच लांब पोकळ्या असतात आणि त्यांतून हवा मुळांपर्यंत पोहोचते. याच कुळातील पिवळ्या फुलांच्या न्यूफार या वनस्पतीवर जॉन डेसी यांनी केलेले संशोधन १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यातून असे दिसले की उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत हवेचा दाब किंचित वाढतो, त्या दाबाने हवा देठातून खाली खोडात जाते आणि जुन्या पानांच्या देठांतून वर येऊन बाहेर पडते. हे वाचल्यापासून जुने पान थोडे निस्तेज दिसले की लगेच कापून टाकण्याची घाई मी करत नाही. पान पूर्ण पिवळे पडले म्हणजे देठासकट तळाशी कापावे, कारण तोवर ते हवेच्या येण्याजाण्याच्या वाटेचा एक भाग असण्याची शक्यता असते. पिवळे पडल्यावर मात्र ते पाण्यात कुजू देऊ नये, नाही तर त्यातले अन्न पुन्हा पाण्यात मिसळते.

चिखलात प्राणवायू नसतो, याचा दुसरा परिणाम मातीच्या निवडीवर होतो. जमिनीवरच्या कुंडीसाठी आपण भुसभुशीत, सेंद्रिय खताने समृद्ध अशी माती करतो, आणि तीच सवय इथे घात करते. कंपोस्ट, शेणखत, गांडूळखत, कोकोपीट, पालापाचोळा हे पदार्थ पाण्याखाली प्राणवायूशिवाय कुजू लागतात. त्यातून वायूचे बुडबुडे निघतात, हायड्रोजन सल्फाइडची सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, कोवळी मुळे मरतात आणि विरघळलेले नत्र व स्फुरद पाण्यात उतरून शेवाळाला मिळते. कोकोपीटसारखे हलके घटक तर तरंगून वरच येतात. कुमुदिनीला जड, चिकण, साधी शेतमाती लागते. चिकणमातीचे सूक्ष्म कण अमोनियम आणि पालाश यांसारखी अन्नद्रव्ये स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि मुळांना ती हळूहळू उपलब्ध होत राहतात, म्हणून खत चिखलातच राहावे या आपल्या हेतूला हीच माती साथ देते. माती ओली करून मुठीत दाबल्यावर तिचा घट्ट गोळा झाला आणि बोटाने दाबले तरी तो फुटला नाही, तर ती योग्य समजावी. फार वाळूमिश्रित मातीत झाड जगते, पण दिलेले खत तिच्यातून लवकर निसटते. तणनाशक किंवा कीटकनाशक वापरलेल्या जागेची माती मी कधीही तळ्यात घालणार नाही, कारण पाण्यातील जिवांवर अशा अवशेषांचा परिणाम होण्याचा धोका असतो.

कुंडी उंच असण्यापेक्षा पसरट असणे महत्त्वाचे आहे. मध्यम जातीसाठी ३५ ते ४० सेंटीमीटर व्यासाची आणि २० ते २५ सेंटीमीटर खोलीची कुंडी चांगली चालते. कुंडीला तळाशी भोके नसलेली बरी, कारण इथे पाणी निथळून जाण्याची गरज नसते आणि भोकांतून माती व मुळे दोन्ही बाहेर येतात. माती थोडी थोडी घालून, ओली करून, हाताने दाबत भरावी म्हणजे आत हवेचे खिसे राहत नाहीत. हार्डी जातीचे खोड कुंडीच्या कडेला, साधारण ४५ अंशांच्या कोनात तिरके ठेवावे. कापलेले टोक कुंडीच्या भिंतीकडे आणि वाढणारा कोंब मध्याकडे असावा, कारण हे खोड पुढे पुढे सरकत वाढते आणि त्याला मोकळी वाट मिळाली पाहिजे. ट्रॉपिकल जातीचा कंद मात्र कुंडीच्या मधोमध लावावा. दोन्ही प्रकारांत कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की कुजतो, आणि नव्याने लावलेली रोपे मरण्यामागे हे एक नेहमीचे कारण असते. शेवटी मातीवर जाड वाळू किंवा बारीक खडी यांचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर द्यावा, मात्र कोंबाभोवतीची जागा मोकळी सोडावी. या थरामुळे माती वर उठून पाणी गढूळ होत नाही, मासे ती उकरू शकत नाहीत आणि खताचे पाण्यात झिरपणेही कमी होते.

भरलेली कुंडी तळ्यात सोडताना ती तिरकी करून, एका बाजूने हळूहळू बुडवावी, म्हणजे आतली हवा शांतपणे निघून जाते. नव्या रोपाची कुंडी सुरुवातीला विटांवर ठेवून कोंबावर १५ सेंटीमीटरच्या आसपास पाणी राहील असे पाहावे आणि पाने वाढतील तसतशा विटा काढत ती खाली न्यावी. वाढलेल्या मध्यम जातींना कोंबावर ३० ते ४५ सेंटीमीटर पाणी मानवते, लहान जातींना १५ ते २० सेंटीमीटर पुरते. मोठे पान एकदम खोल बुडाले तर त्याच्या देठाला लांबायला वेळ लागतो आणि तोवर त्याला पाण्याखाली पुरेसा प्रकाश मिळत नाही. तरंगणाऱ्या पानांची पर्णरंध्रे वरच्या बाजूला असतात, खालच्या बाजूला नसतात. म्हणून पान पाण्यावर पसरणे ही झाडाच्या दृष्टीने श्वासाची बाब आहे. कारंजे किंवा पडते पाणी कुमुदिनीजवळ नको, असे सांगतात त्यामागे हेच कारण आहे. सतत शिंतोडे उडाले की पाने ओली राहतात, लाटांनी उलटतात, फाटतात आणि झाड हळूहळू खंगत जाते. कारंज्याची हौस असेल तर ते तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे आणि कुमुदिनीला शांत कोपरा द्यावा.

सूर्यप्रकाशाबद्दल तडजोड करण्यासारखे फारसे काही नाही. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळाले तर बहुतेक जाती चांगल्या फुलतात. त्याहून कमी असेल तर पाने येत राहतात पण कळ्या विरळ होतात. तीन-चार तासांच्या उन्हावर फुलणाऱ्या काही जाती आहेत, तरीही सावलीच्या तळ्यासाठी कुमुदिनी घेण्याआधी दोनदा विचार करावा असे मला वाटते. सावलीमुळे रोडावलेल्या झाडाला जास्त खत देणे हा तर अगदी चुकीचा उपाय आहे, कारण न वापरलेले खत शेवटी शेवाळाच्याच कामी येते.

खत देण्याची पद्धत हा या सगळ्याचा गाभा आहे. कुमुदिनी खादाड झाड आहे; लहानशा कुंडीतल्या मातीवर ती सतत नवी पाने आणि कळ्या काढत असते, म्हणून वाढीच्या हंगामात तिला नियमित खत द्यावेच लागते. खताचे दाणे पाण्यावर पसरणे किंवा द्रवरूप खत तळ्यात ओतणे मात्र पूर्ण टाळावे. जलवनस्पतींसाठी मिळणाऱ्या खताच्या गोळ्या घ्याव्यात आणि बोटाने किंवा काठीने आठ-दहा सेंटीमीटर खोल, मुळांच्या जवळ पण कोंबाला न चिकटवता खोचाव्यात. वरचे भोक मातीने दाबून बंद करावे. लवकर विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर साधारण महिन्यातून एकदा द्याव्यात, मंद गतीने विरघळणाऱ्या असतील तर त्यांच्यावर लिहिलेली मुदत पाळावी. गोळ्या मिळत नसतील तर मंद गतीने विरघळणारे दाणे चिकणमातीच्या लहान गोळ्यात बंद करून तो गोळा पुरावा. हा उपाय मला फार आवडतो, कारण मातीच त्या खताची राखण करते. नवी पाने लहान येऊ लागली, फिकट पडू लागली आणि कळ्या कमी झाल्या की खत कमी पडते आहे असे समजावे. थंडी जवळ आली, वाढ मंदावली, की खत थांबवावे.

आता शेवाळ. नवे तळे भरले की बहुधा पहिल्या काही आठवड्यांत पाणी हिरवे होते आणि माणूस घाबरून सगळे पाणी काढून टाकतो. हे करू नये. नव्या पाण्याबरोबर विरघळलेली खनिजे पुन्हा येतात, शेवाळाला पुन्हा नवी सुरुवात मिळते आणि तळे तिथल्या तिथेच फिरत राहते. थांबावे, कारण कुमुदिनीची पाने वाढून पृष्ठभागाचा निम्मा ते दोन-तृतीयांश भाग झाकू लागली की पाण्यात शिरणारा प्रकाश कमी होतो आणि हिरवेपणा बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. तोवर पूर्ण बुडालेल्या काही पाणवनस्पती सोबत लावाव्यात. त्या पाण्यात उतरलेले अन्न थेट शोषून घेतात. धाग्यासारखे लांब शेवाळ काठीला गुंडाळून काढावे. शेवाळनाशक औषधांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तांबेयुक्त औषधे गोगलगायी आणि मासे यांना घातक ठरू शकतात, आणि एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते व आपले अन्न पुन्हा पाण्यातच सोडते. पाणी आटले तर तेवढेच भरून काढावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर मासे असलेल्या तळ्यात ते एक-दोन दिवस उघडे ठेवून घालावे; काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरले जाणारे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) मात्र असे उडून जात नाही, त्यासाठी क्लोरीन काढणारे द्रावण वापरावे लागते.

साचलेले पाणी म्हणजे डास, ही काळजी रास्त आहे. त्या परिसरातल्या नैसर्गिक पाण्यातील लहान मासे सोडणे हा उत्तम उपाय आहे, कारण डासांच्या अळ्या खाण्यासाठी सर्रास सोडले जाणारे गप्पी आणि गॅम्बुसिया हे परके मासे बाहेरच्या ओढ्यांत, तळ्यांत पोहोचले तर तिथल्या मूळ माशांना आणि बेडकांना उपद्रव करतात. लहान टबात मासे ठेवायचे नसतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूपासून केलेल्या वड्या वापराव्यात. त्या डासांच्या अळ्या मारतात आणि मासे व झाडे यांना अपाय करत नाहीत. चतुरांच्या अळ्याही डासांच्या अळ्या खातात, म्हणून चतुर तळ्यावर घिरट्या घालू लागले तर त्यांचे स्वागतच करावे.

किडींमध्ये सर्वांत जास्त त्रास माव्याचा. कुमुदिनीवरचा काळपट मावा पानांवर आणि कळ्यांवर दाटीने बसून रस शोषतो. थंड प्रदेशांत हीच कीड हिवाळा आलुबुखार आणि त्याच्या जातभाई झाडांवर अंड्यांच्या रूपात काढते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा पाण्यात ढकलावा, मासे तो खाऊन टाकतात. प्रादुर्भाव जास्त असेल तर जड जाळी टाकून पाने काही तास पाण्याखाली दाबून ठेवावीत. कीटकनाशक फवारू नये; विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि साबणाचे पाणीसुद्धा माशांच्या तळ्यात चालत नाही. काही पतंगांच्या अळ्या पानाचे लंबगोल तुकडे कापून त्यांचे घर करतात व त्यात लपून राहतात. असे तुकडे तरंगताना दिसले की जाळीने काढून टाकावेत. नवी पाने उघडण्याआधीच पिवळी पडून गळू लागली, कोंब मऊ झाला आणि त्याला कुजका वास आला, तर ती खोडकूज असते. असे झाड ताबडतोब बाहेर काढावे, कुजलेला भाग पांढरे निरोगी मांस दिसेपर्यंत कापावा आणि उरलेले खोड नव्या मातीत, वेगळ्या पाण्यात लावावे.

इतकी निगा घेतली म्हणजे जे फूल येते ते मी दरवेळी थांबून पाहतो, कारण त्याची रचना विलक्षण आहे. दिवसा उमलणाऱ्या जातींचे एक फूल बहुधा तीन-चार दिवस रोज उघडते आणि मिटते. पहिल्या दिवशी त्याच्या मधल्या वाटीत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. दुसऱ्या फुलावरून आलेला कीटक त्यात पडला की त्याच्या अंगावरचे परागकण धुऊन कुक्षीवर पोहोचतात, आणि कधी कधी तो कीटक त्यात बुडूनही जातो. पुढच्या दिवसांत हा द्रव आटतो, पुंकेसर पिकतात आणि तेच फूल आता पराग देऊ लागते. बीजधारणा झाली की अनेक जातींत देठ वळत जाऊन फळ पाण्याखाली ओढले जाते आणि बिया तिथे पिकतात. संकरित जातींपैकी बऱ्याच वांझ असतात. बियांची गरज नसेल तर सुकलेले फूल देठासकट तळाशी कापावे. कळी आणि मिटलेले जुने फूल यांत गोंधळ होऊ शकतो: कळी टणक आणि टोकदार असते, जुने फूल बोटांना मऊ, पाणी प्यायल्यासारखे लागते.

दोन-तीन वर्षांत कुंडी मुळांनी भरते. पाने एकमेकांना ढकलत पाण्याच्या वर उठू लागतात, फुले कमी होतात, आणि खत खोचायला मातीत जागाच सापडत नाही. वाढ सुरू होण्याच्या काळात अशी कुंडी बाहेर काढून खोड धुवावे, जुना, काळा, पोकळ भाग टाकून द्यावा आणि सशक्त कोंब असलेले १० ते १५ सेंटीमीटरचे तुकडे नव्या मातीत लावावेत. ‘डॉबेन’सारख्या काही ट्रॉपिकल जातींत देठ पानाला जिथे मिळतो तिथेच लहान रोप उगवते, त्याला मुळे फुटली की पान खुडून ते उथळ पाण्यात मातीवर टेकवले म्हणजे नवे झाड तयार होते. थंड प्रदेशात ट्रॉपिकल कंद बाहेर काढून, धुऊन, किंचित ओलसर वाळूत गारठा नसलेल्या जागी जपून ठेवतात. हार्डी जातींची कुंडी तळ्याच्या खोल भागात, बर्फ पोहोचणार नाही अशा ठिकाणी सरकवली की पुरते.

विभागणीनंतर उरलेले तुकडे ओळखीच्या बागप्रेमींना द्यावेत किंवा वाळवून कंपोस्टात घालावेत. ते नदीत, ओढ्यात किंवा गावतळ्यात टाकू नयेत, कारण बागेतून बाहेर पडलेल्या जलपर्णीने जगभरातल्या जलाशयांची काय अवस्था केली आहे हे आपण पाहतो, आणि काही कुमुदिनीही परक्या पाण्यात अशाच बेसुमार पसरल्या आहेत. विकत आणलेले नवे रोप तळ्यात सोडण्यापूर्वी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवावे आणि त्याच्या मुळांना चिकटून आलेले टिकलीएवढे तरंगणारे तण, गोगलगायींची चिकट अंडी व जुनी माती पूर्ण धुऊन काढावी. ते धुतलेले पाणीसुद्धा गटारात किंवा ओढ्यात न ओतता कोरड्या जमिनीवरच टाकावे.